अर्जातलं लांब वाक्य

सातवीतून नाव काढलं तेव्हा मला इंग्रजीतली लहान वाक्यं येत होती. बैल काळा आहे. मी घरी जातो. त्याच्या पुढचं शाळेत शिकवत असतील, पण मी तोवर दिग्रसच्या एका जिनात कापसाची पोती उचलायला लागलो होतो. माय त्याच जिनात होती, सरकी वेगळी करायच्या मशीनच्या रुळावर. कापूस हातानं रुळात सारायचा, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. आमच्या वस्तीतल्या अकरा बाया त्या कामावर होत्या.

धम्मदीक्षेनंतरची पहिली वर्षं होती ती. वस्तीतल्या जाणत्यांनी ठरवलं होतं की आता आपला अर्ज आपणच लिहायचा. कचेरीसमोर बसणारा अर्जवाला आमचं अर्धंच ऐकायचा आणि उरलेल्या जागेत आम्हाला साहेबाच्या पायाशी बसवायचा. जिनाचा मॅनेजर बाहेरचा, इंग्रजीशिवाय कागद हातात घेत नसे. मग इंग्रजी कोणी शिकायचं? मी म्हटलं, मी शिकतो. हेकट होतो, आजही आहे.

गावातले एक म्हातारे मास्तर रविवारी ओसरीवर शिकवायचे. ते दोन लहान वाक्यं पाटीवर लिहून द्यायचे आणि म्हणायचे, सांध. माणूस आला. त्याचा बैल हरवला होता. मी सांधायचो, ज्याचा बैल हरवला होता तो माणूस आला. एक वाक्य मुख्य, ते आपल्या पायावर उभं. दुसरं गौण, त्याला एकटं सोडलं तर लोंबकळतं. मला हे गौण-बिण आवडलं नाही.

"मास्तर, दोन्ही आपापल्या पायावर उभी राहिली तर काय बिघडते?"

"काही बिघडत नाही. पण मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. ते सांगायचं तर एकाला दुसऱ्याचा हात धरावा लागतो."

कशामुळे काय झालं! ते मला एकदम पटलं. तेव्हापासून 'बिकॉज' माझ्या तोंडातून जाईना. पाठीवर पोतं आणि मनात वाक्य. पोतं जड आहे, कारण कापूस ओला आहे. कापूस ओला आहे, कारण त्यावर पाणी मारलं, म्हणजे वजन वाढावं. एका वर्षात मी तीन-तीन वाक्यं एकात बसवायला लागलो. सोबतचे हमाल मला पंडित म्हणायचे, कौतुकानं नाही.

त्या हंगामात मायचा उजवा हात रुळात गेला. दोन बोटं मुळापासून गेली.

कसा गेला ते जिनात सगळ्यांना ठाऊक होतं. रुळाला कापूस गुंडाळला की मशीन थांबवावं लागते. थांबवलं की मुकादम शिव्या द्यायचा, म्हणून बाया चालू रुळातूनच बोटांनी कापूस ओढून काढायच्या. आणि हात गेला की सांगायचं, पाय घसरला. ही तिथली रीत होती. पाय घसरला म्हटलं की मुकादमच शब्द टाकायचा आणि बाईला बसून कवडी वेचायचं काम मिळायचं, म्हणजे चांगल्या कापसातून किडका कापूस काढायचा. एका हातानंही होते ते. मायला तेवढंच हवं होतं.

"लिही बाबू. पाय घसरला, आता कवडीवर घ्या. बस, इतकंच."

"काहून घसरला म्हणू? तुहा पाय घसरला काय?"

"मले काम पाह्यजे. तुहं इंग्रजी नाही पाह्यजे."

मी हो म्हटलं आणि लिहिलं दुसरंच. दोन दिवस खपून मी एक वाक्य बांधलं, चार वाक्यांचं एक. मी, जी नऊ वर्षांपासून रुळावर काम करते, माझी दोन बोटं गमावली, कारण कापूस अडकला तरी मुकादम मशीन थांबवू देत नाही. कवडीचं त्याच्या खाली. मायच्या उजव्या हाताला पट्टी होती. तिनं डावा अंगठा लावला. काय लिहिलं, तिनं विचारलं नाही. पोरानं लिहिलं होतं.

मॅनेजरनं कागद वाचला आणि मुकादमाला बोलावलं. मायला पुढे उभं केलं. दारात बाया गोळा झाल्या.

"बाई, आपने लिखा है, मुकादम मशीन बंद नहीं करने देता. सही है?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग दारातल्या बायांकडे पाहिलं. त्यांना उद्या त्याच मुकादमाच्या हाताखाली उभं राहायचं होतं.

"नाही साहेब. पाय घसरला."

"फिर ये किसने लिखा?"

"मी लिहिलं," मी म्हटलं. "खरं आहे ते."

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "इंग्लिश अच्छी है. लेकिन खुद बाई कहती है, झूठ है."

बाहेर येताना मुकादम हळूच म्हणाला, "पंडित, वाक्य लय लांब झालं तुहं."

कवडीचं काम मिळालं नाही. मायला नाही आणि मलाही पुन्हा पोतं नाही. पुढच्या हंगामात ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली. वाळल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात आणि तिच्या उजव्या हाताला तीनच बोटं. बाकीच्या बाया तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला पोचायच्या तेव्हा ही अर्ध्यात वाकलेली असायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, कारण वाक्य बरोबर होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण अंगठा तिचा होता. मास्तरांकडे मी परत गेलो नाही.

दोन वर्षांनी वस्तीतल्याच एका बाईची बोटं त्याच जिनात गेली. मायच तिला माझ्याकडे घेऊन आली. तिलाही कवडीच हवी होती. मी दौत काढली. माय माझ्या खांद्याशी उभी राहिली. वाचता येत नव्हतं, पण कागदावरून तिची नजर हलली नाही.

मी लिहिलं, माझा पाय घसरला. मला कवडीवर घ्यावं. दोन वाक्यं, सातवीतली.

"एवढंच?" मायनं विचारलं.

"एवढंच."

तिनं ओळीवर बोट ठेवून लांबी पाहिली.

"वाचून दाखव," ती म्हणाली.