गोदावरीची चिठ्ठी

माझी नोकरी खरं तर खैरूनची होती.

काल दुपारी ती गेली. तिच्या लेकाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. चहा तसाच राहिला.

नात म्हणाली, "आजी, फेसबुकवर लिही ना. तू सांग, मी टाइप करते."

तर कर टाइप. मधेमधे मला सुधारू नकोस.

निजामाच्या काळातली गोष्ट. मी सोळाची, खैरून वर्षभरानं मोठी, पोस्टातल्या कारकुनाची मुलगी. आमच्या गावच्या दवाखान्यात बायका पुरुषांशी बोलायच्या नाहीत, म्हणून डॉक्टरसाहेबांनी बायकांच्या खिडकीवर आम्हा दोघींना शिकायला घेतलं. दोन महिने ट्रेनिंग. मग एकीलाच ठेवणार.

रजिस्टरात नाव, नवऱ्याचं नाव, गाव लिहायचं. तेच औषधाच्या चिठ्ठीवर उतरवायचं. औषध तयार झालं की नाव पुकारून बाटली द्यायची.

सगळं उर्दूत. आणि मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं!

खैरूननं शिकवलं. पाटीवर, माझा हात धरून. त्यामुळं माझं अक्षर हुबेहूब तिच्यासारखं झालं.

तिला ती नोकरी मनापासून हवी होती. मला मात्र नोकरीवाचून गत्यंतर नव्हतं. मला सांभाळणाऱ्या काकांनी सांगूनच ठेवलं होतं, "न्हाय टिकली तर येरमाळ्याच्या बिजवराला देऊन टाकू." त्याची थोरली मुलगी माझ्याएवढी होती.

ते दिवस आता दुपारच्या डुलकीत येतात.

ओट्यावर कडुलिंबाची सावली. बाया घरून आणलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन बसलेल्या. उन्हात काच चमकायची. शेजारी खैरूनचा टाक कुरकुरायचा, आणि मला वाटायचं, हे असंच चालू राहावं.

एक दिवस बेंबळी गावच्या दोन गोदावरी आल्या. एकीला खोकला, दुसरीचा गुडघा धरलेला.

मी नवऱ्याचं नाव विचारलं, तर खोकलेवालीनं तोंडावर पदर ओढला. चारचौघांत नवऱ्याचं नाव कोण घेणार? मलाच लाजल्यासारखं झालं. दोघींच्या चिठ्ठीवर ती जागा मी कोरी सोडली.

मग पुकारलं, "गोदावरी, बेंबळी!"

खोकलेवाली उठली. बाटली होती गुडघ्याला चोळायच्या औषधाची.

दुसऱ्या दिवशी तिची सासू बाटली घेऊन हजर. "सुनंचं तोंड पोळलं की वो! घासबी गिळंना!"

साहेबांनी चिठ्ठी मागवली. "ये किसने लिखी?"

मी रजिस्टराची पानं उलटत राहिले.

"मैंने," खैरून म्हणाली.

त्यांनी अक्षर पाहिलं. तिचंच दिसत होतं. "कल से मत आना."

मी तिच्यामागं लिंबाखाली धावले. "का केलंस गं असं?"

"इमल, तुला येरमाळ्याला धाडत्याल. मला काय, अब्बा घरात बसवतील." मग म्हणाली, "मला बी लई आवडायचं गं हे काम."

डोळे पुसून पुन्हा म्हणाली, "बायांना नाव इचारायला लाजू नको. उखाण्यात घेत्यात की त्या."

गोदावरी आठवड्यात बरी झाली. मी मात्र साहेबांना खरं सांगितलं नाही.

खैरूनला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी बायांना म्हणायला लागले, "नाव घ्या." आणि खिडकीपाशी उखाणे सुरू झाले.

"दवाखान्याच्या पायरीवर सावली पडली लिंबाची, गणपतरावांचं नाव घेते, घाई मला बाटलीची."

सगळी रांग हसायची. माझी एकही चिठ्ठी पुन्हा कोरी राहिली नाही.

निजाम गेला, रजिस्टर मराठीत आलं. मी त्याच खिडकीवर म्हातारी झाले. मधे पसंतीनं लग्न केलं. किराण्याची यादी अजून उर्दूत लिहिते, सुनांना कळू नये म्हणून. अक्षर अजून तिचंच आहे.

दर ईदेला तिच्याकडं जायची. दरवेळी त्या चिठ्ठीचा विषय काढायची. ती म्हणायची, "चाय पी, थंडी होतीय."

या सगळ्यात काय शौर्य माझं? भित्री होते मी. ती भीती मला आयुष्यभर पुरली आणि तिची नोकरीही.

साहेब कधीच गेले. ती सासूही गेली. आता मला जाब विचारणारं कुणी नाही.

खैरून, नीट जा. तुझी खिडकी मी सांभाळली.

आणि साहेब, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

— तुझी इमल