सुमनची रायफल

त्या गुरुवारी आम्ही दोघांनी मिळून काच पुसली. एकत्र केलेलं शेवटचं धड काम तेच. ऑस्ट्रेलियातल्या या डार्विन शहराच्या दमट हवेत म्युझियमच्या काचांवर सारखा ओशट थर चढतो. सुमन व्हिनेगरचं पाणी शिंपडायची, मी जुन्या पेपराने घासायचो. काचेच्या पलीकडे अमेरिकन रायफल, एम-वन.

"कोपरा राहिला," सुमन म्हणाली. तिला राहिलेला कोपराच आधी दिसायचा.

सुमन माझी बायको. मेलं की माणूस गोड होतं, तशी मी तिला करणार नाही. ती कडू होती. खोटं खपवून घ्यायची नाही, आणि माझ्या रडगाण्यावर तिचं एकच उत्तर: "बरं, मग? पुढचं बोला."

मी सातवी नापास. पुण्याजवळ लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं रायफली उघडल्या, साफ केल्या, जोडल्या. ती मॅट्रिक. इंग्रजी शिकली ती मुलाच्या शाळेच्या पुस्तकांवर. मुलगा इथे हॉस्पिटलात लागला आणि आम्हाला घेऊन आला. घरात सगळे कामावर, नाती मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणार. मी भिंतीकडे बघत बसायचो. सुमनने आठ दिवसांत बसचा नंबर शोधला आणि या छोट्याशा म्युझियमात दोघांना फुकटचं काम मिळवलं. दर गुरुवारी काचा पुसायच्या, आणि पाहुणे आले की तिने एम-वनची माहिती सांगायची.

तिला आधी बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लायब्ररीतून पुस्तक आणून ती मला मराठीत वाचून दाखवायची, आणि मी तिला लाटणं मागेपुढे करून दाखवायचो. गोळी सुटली की मागचा धूर जोर करतो. त्या जोराने दट्ट्या मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर, नवीन आत. शिपायाने फक्त चाप ओढायचा. जुन्या रायफलीला दर गोळीला हाताने खटका मागे ओढावा लागे.

"म्हणजे धूर वाया जात होता, तो कामाला लावला," ती म्हणाली. तीस वर्षांत आमच्या साहेबांनासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

पहिल्या-पहिल्या एम-वनला नळीच्या तोंडाशी टोपण होतं, त्यात धूर अडवायचे. ते काजळीने भरायचं. मग टोपण काढून नळीलाच बारीक भोक पाडलं. हे पुस्तकात होतं, पण भोक कुठे ते तिला दाखवलं मी. काचेवर बोट ठेवून.

आठ गोळ्या संपल्या की त्यांना धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप टणकन बाहेर उडते. म्युझियमवाले सांगायचे, तो आवाज ऐकला की रायफल रिकामी झाली हे ओळखून शत्रू धावून यायचा. पाहुण्यांना ते फार आवडे. मी म्हटलं, "लढाईत शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, टण कसला ऐकतात?" पुढच्या गुरुवारी तिने वीस जणांसमोर सांगून टाकलं, ही थाप आहे, माझे मिस्टर असं म्हणतात. सगळे माझ्याकडे वळले. मी बुटाकडे बघितलं.

ही रायफल बनवणारा सरकारी कारखान्यातला माणूस होता. वर्षानुवर्षं तिच्यावरच बसून राहिला, आणि हक्क सरकारला देऊन टाकले. पगार तेवढा घेतला. सुमनला तो आवडायचा. "तुमच्यासारखाच गाढव," म्हणायची. "हात चालतात, तोंड उघडत नाही."

माझं तोंड उघडावं, तेवढ्याचसाठी तिची धडपड होती. "मी नसले तर या घरात तुम्ही मुके व्हाल," ती म्हणायची. मी म्हणायचो, "तू कुठे चाललीस?" ती कोपरा पुसायला लागायची. डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं काय सांगितलं होतं ते मुलाला माहीत होतं. मला तिने सांगू दिलं नव्हतं.

त्या गुरुवारी काच पुसून झाली आणि पाहुणे आले. ती रायफलीपाशी गेली आणि बाजूला सरकली. "टुडे माय हजबंड विल टेल," म्हणाली, आणि माझ्या हातात एक कार्ड दिलं. इंग्रजी शब्द, पण देवनागरीत लिहिलेले, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावेत म्हणून. माझं तोंड तापलं.

"माझा तमाशा करू नकोस," मी म्हणालो आणि बाहेर जाऊन बाकावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता. मधेमधे दम लागत होता. मला वाटलं, मला ऐकवायला मुद्दाम करते आहे.

घरी आल्यावर कार्ड न वाचताच तिच्यासमोर आडवं फाडलं, चार तुकडे, आणि बाहेरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. ती दारात उभी राहून बघत होती.

"झालं समाधान? उद्या शुक्रवार आहे. बिन रस्त्यावर न्यायला विसरू नका."

माझ्याशी ती एवढंच शेवटचं बोलली. संध्याकाळी भात लावताना ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. हॉस्पिटलात मुलगा सह्या करत होता, आणि लोक इंग्रजीत मला काहीतरी समजावत होते. मी प्रत्येकाला मान डोलावत होतो.

सकाळी घरात कोणी उठलं नव्हतं. मी बिन रस्त्याच्या कडेला नेला, झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत आत हात घातला. भाजीच्या सालींतून तीन तुकडे मिळाले. सदऱ्याला पुसले. इतक्यात कचऱ्याचा ट्रक आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"यू राइट, मेट?" बरा आहेस ना, असं.

मी मागे वळून बघितलं. सवय. उत्तर द्यायला सुमन नव्हती. मग तुकडे एकाखाली एक धरले आणि मोठ्याने वाचलं.

"गुड मॉर्निंग. माय नेम इज दत्तात्रय. आय रिपेअर्ड आर्मी रायफल्स फॉर थर्टी यिअर्स. माय वाइफ..."

तिथे कागद संपला. मला वाटलं होतं, कार्डावर रायफलीचं असेल.

ड्रायव्हर थांबला होता. त्याने इंजिन बंद केलं. मी परत बिनमध्ये हात घातला.