शेडखालचा बाक

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर गेलो की ती घटना आजही आठवते. नजर आपोआप शेडखालच्या कोपऱ्यातल्या बाकाकडे जाते.

मी तेव्हा साकोली तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. एकोडीत भरदुपारी एका घरात चोरी झाली. घरचे लोक लग्नाला गेले होते आणि किल्ली शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होती. कुलूप शाबूत, दागिने गायब. खबऱ्याने सांगितले, "त्या दिवशी बुढा भरली पिशवी घेऊन एसटीत बसला जी." किल्लीही त्याच्याकडे आणि पिशवीही त्याच्याच हातात. आम्ही त्याला चौकशीला बोलावले.

"पोराकडे गेलो होतो जी, नागपूरले," तो म्हणाला.

मुलाला फोन लावला. "बाबा? ते कित्येक वर्षांत इकडे आले नाहीत," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. बाप ठाण्यात का बसला आहे, हेसुद्धा विचारले नाही. मला त्याचा संताप आला. पण म्हाताऱ्याचे खोटे उघडे पडले होते.

माझा अनुभव असा, की चोराचे एक खोटे पकडले की तो लगेच दुसरे काढतो. हा मात्र मान खाली घालून बसला. मग त्याने समोरचा चहा बाजूला सारला.

"मी भंडाऱ्याच्या स्टँडवरच बसून होतो, सायेब. पोरगा बोलावत नाही मले. गावात लोक इचारतात, म्हून मधामधात पिशवी भरतो, पोराकडे चाललो म्हणतो. दिवसभर तिथं बसतो अन् शेवटच्या गाडीनं वापस येतो."

"कोणी पाहिलं तुम्हाला?"

"मले कोन पायते जी?"

स्टँडसमोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर आम्ही पंचनामा करून जप्त केला. त्यातला व्हिडिओ ठाण्यातल्या संगणकावर चालेना, म्हणून एका शिपायाने कुठल्याशा सॉफ्टवेअरने त्याचा फॉरमॅट बदलून घेतला. पाहतो तर रस्ता उन्हाने लख्ख आणि शेडखाली काळाकुट्ट अंधार. बाक नाही की माणूस नाही. अटकेची तयारी सुरू झाली.

मला मात्र तो काळा रंग पटेना. भरदुपारी पत्र्याखाली सावली असते, डांबर नसते. मी मूळ डीव्हीआर आणि शिपायाने बदललेली प्रत घेऊन जिल्ह्याच्या सायबर शाखेत गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी दोन्ही चित्रे शेजारी लावली.

"चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा एक आकडा असतो, सर. फॉरमॅट बदलला तरी तो तसाच राहायला हवा. इथे आकडे ताणले गेलेत. सावलीतले बारीकसारीक फरक सगळे शून्यावर आले."

धानाच्या मुलखातला मी, मला लगेच कळले. नुसते पोते बदलायचे होते. मध्ये चाळणी लागली आणि कणी गळून गेली.

बाईंनी उजेडाच्या आकड्यांना धक्का न लावता नवी प्रत काढली. शेडखाली करडी सावली दिसली, मग बाक आणि त्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेला म्हातारा. नागपूरची गाडी लागली की तो उठायचा, गाडीच्या दारापर्यंत जायचा, चढणारी माणसे पाहायचा आणि परत येऊन बसायचा. चोरीच्या सगळ्या वेळात तो तिथेच होता.

दागिने पुढे त्या घरच्याच एका नातेवाइकाकडे सापडले. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

सोडताना म्हाताऱ्याने हात जोडले. "मी कुठी होतो ते गावात सांगू नोका जी." गावकऱ्यांना मी एवढेच सांगितले, की बाबा त्या दिवशी गावात नव्हते.

न दिसणे आणि नसणे यांत फरक असतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तपासात तो फरक करावाच लागतो. घरात कोण करतो?

काही महिन्यांनी भंडाऱ्यात तो पुन्हा दिसला. तोच बाक, मांडीवर तीच पिशवी.

"कुठे निघालात, बाबा?"

त्याने मला ओळखले. "पोराकडे जी. नागपूरले."

नागपूरची गाडी समोरच उभी होती, निम्मी रिकामी.

"लई गर्दी आहे हिला," मी म्हणालो. "पुढच्या गाडीनं जाजा."

त्याने पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि मला बसायला जागा केली.