ओठ थरथरवणारे प्राध्यापक

कवळ्या बनवण्यात कवळीवाल्यांची हयात गेली होती. नवी कवळी बसवली की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "काहीतरी बोला बघू."

"बोलतो की!" आजचे गिऱ्हाईक असलेले प्राध्यापक खुर्चीत सरसावून बसले. एकाच व्यंजनावर त्यांनी तीस वर्षं घालवली होती. ओठ मिटून आतून वारा सोडायचा, म्हणजे ते थरथरतात. जगातल्या हजारो भाषांपैकी जेमतेम मूठभर भाषांच्या शब्दांत हा आवाज येतो. काही दूरच्या बेटांवर, काही डोंगराळ मुलखात. "तो मी अचूक काढतो," म्हणत त्यांनी ओठ फडफडवले. भिजल्या कुत्र्यानं अंग झाडावं तसे आरशावर तुषार उडाले.

कवळीवाल्यांनी आरसा पुसला. हा आवाज त्यांच्या आईच्या बोलीतला. शाळेत पोरांनी त्यावरून 'घोडा' म्हणून पिडलं, तेव्हापासून ती बोली त्यांनी तोंडातून हद्दपार केली होती. आज मात्र राहवलं नाही. आईचा एक शब्द त्यांनी उच्चारला. हलका, कोरडा, थेंबभर थुंकी न उडवता.

"छे छे! थरथर कमी पडली. अशुद्ध उच्चार!"

"आईनं शिकवलाय."

"मग त्यांचाही अशुद्धच. पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"कुणाच्या पुस्तकात?"

"माझ्या!"

"अस्सं," कवळीवाले म्हणाले, आणि घासायच्या निमित्तानं कवळी काढून घेतली. अर्धा तास ते निवांत घासत बसले. व्यंजनांचे महापंडित तोवर बोळक्या तोंडानं नुसते फसफसत होते. कवळीवाल्यांना मनापासून बरं वाटलं.

प्राध्यापक गेल्यावर शेजारच्या टेबलावर साचे भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "बाबा, ही बोली मला का नाही शिकवलीत?"

कवळीवाल्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"लाज वाटायची," ते म्हणाले.

"कमाल आहे तुमची! त्या टवाळ पोरांचं इतकं ऐकलंत?"

तिनं तिथल्या तिथे मावशीआजीला फोन लावून बाबांच्या हातात दिला. कवळीवाल्यांच्या आईच्या पिढीतली ती एकटीच उरली होती. भाच्याचा आवाज ऐकताच म्हातारी बोलीत सुटली, ती थांबेचना. कवळीवाल्यांना सगळं कळत होतं. उत्तराला मात्र एक वाक्य धड जुळेना.

"आधी रडणं थांबव," मावशी अखेर बोली सोडून साध्या भाषेत म्हणाली, "आणि पोरीला फोन दे. तिला तरी शिकवते."