सकाळची अक्षरं, दुपारची वाक्यं

आमच्या शाळेत मास्तर दोन, शिकवायच्या तऱ्हा दोन, आणि मधे भरडून निघणारी आम्ही बिगरीची पोरं. नंदुरबारहून बैलगाडीने दुपारपर्यंत लागायचं ते आमचं तापीकाठचं गाव. गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. सकाळी थोरले मास्तर धुळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. 'क ला काना का' म्हणत सगळा वर्ग डोलायचा. दुपारी धाकटे मास्तर, ट्रेनिंग करून आलेले. त्यांनी पुठ्ठ्यांवर अख्खी वाक्यं लिहून भिंतीला टांगली होती. अक्षरं सोडा, वाक्य बघा, म्हणायचे.

दोघांची आमच्यादेखत जुंपायची.

"मूल आधी आईचा चेहरा ओळखतं," धाकटे म्हणत. "नाक वेगळं, डोळे वेगळे असं नाही ओळखत."

"घरात ठीक आहे," थोरले म्हणत. "परगावी सगळेच चेहरे नवे. तिथे काय करेल?"

मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघांचाही राग यायचा. सकाळी अक्षरं ओळखायची, पण ती जोडून काय होतं ते कळायचं नाही. दुपारी पुठ्ठे धडाधड म्हणायची, पण वाऱ्याने एक उलटा झाला की गाडं अडलं. शिवाय त्यावरची भाषा आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. 'आई' कोणाला म्हणतात हे मला शाळेत कळलं. आमच्याकडे माय होती.

आणि मला घाई होती. वडिलांनी साफ सांगितलं होतं, "पास व्हयनी ते शाळा, नही ते वावर." मिरची तोडायला आली होती आणि घरात हात कमी होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण माझा जीव टांगणीला लागला होता. जेवताना मी ताटात बोटाने अक्षरं काढायची आणि मायच्या शिव्या खायची.

शाळा तपासणारे डिपोटी साहेब पास-नापास ठरवायला आले त्या दिवशी दारात गावची माणसं उभी होती, त्यात वडीलही. साहेबांनी पुठ्ठे काढायला लावले, स्वतःच्या पिशवीतलं एक पुस्तक काढलं आणि कुणी न पाहिलेलं पान माझ्यापुढे धरलं. मग मी थोरल्यांसारखी ओठांतल्या ओठांत अक्षरं जुळवली. शेत... शेतात. जुळता जुळता एकदम समोर आमचं वावर दिसलं, त्याकडे निघालेले वडील दिसले. असं आधी कधी झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने वाचलं:

"बाप वावरमा जास. माय भाकर करस. पोर पानी आनस."

त्यात हसण्यासारखं वर्गात कुणालाच काही वाटलं नाही.

साहेब म्हणाले, "पुस्तकात आहे ते वाच."

मी पुन्हा तेच वाचलं, जरा सावकाश. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

वडील दारातूनच बोलले, "साहेब, पोरनी काय वाचं ते माले समजनं."

"तुम्हाला समजलं, पण पुस्तकात 'बाबा शेतात जातात' असं आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला नापास केलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. हिला अर्थ कळला, हे धाकट्यांनी सांगायला हवं होतं. हिने नवं पान अक्षरांवरून सोडवलं, हे थोरल्यांनी. वर्षभर एकमेकांच्या प्रत्येक शब्दाला उत्तर देणारे दोघंही साहेबापुढे मूग गिळून बसले. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, वाचन कसं शिकवावं यावरची भांडणं पुष्कळ ऐकली, आणि दर वेळी मला ते दोन मुके चेहरेच दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणी सांगायच्या आत टोपली घेऊन गाडीत चढून बसले. वडील बैल जुंपत होते.

"उतर. शाळाले जाय."

"मी नापास शे ना."

त्यांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली.

"डिपोटीले समजनं नही, त्याले मी काय करू? माले ते समजनं."