ख्रिस्त कुठल्या कपाटात?

“येशू ख्रिस्त चरित्रांच्या कपाटात काय करतोय?” आमच्या कमिटीचे चेअरमन, वकीलसाहेब, येशूचं चरित्र टेबलावर ठेवत म्हणाले. असा माणूस झालाच नाही, असं सांगणारं इंग्रजी पुस्तक त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी पनवेलच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ठरवणं माझं निम्मं काम. होऊन गेलेली माणसं चरित्रांत, रचलेली कादंबऱ्यांत.

कमिटीत हेडमास्तरही होते. त्यांचं म्हणणं, चमत्कार सोडा, पण त्याला मृत्युदंड दिल्याचं ख्रिस्ती नसलेल्या रोमन इतिहासकारानंही लिहिलंय. वकीलसाहेब म्हणाले, हा ऐकीव पुरावा, कोर्टात टिकायचा नाही. दोघांनी मीटिंगमागून मीटिंग रंगवली आणि मी मजेत ऐकत बसलो. शेवटी चेअरमनचा शब्द म्हणून पुस्तक कादंबऱ्यांत हलवलं.

कादंबऱ्या फार हाताळल्या जातात. म्हणून दर पावसाळ्याआधी त्यांचा गठ्ठा बाइंडरकडे जायचा. तो पुढची कोरी पानं काढून नवी लावायचा. त्या गठ्ठ्यात हेही पुस्तक गेलं.

ते सलोमीबाईंनी दिलेलं होतं. बाई गावातल्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. नवरा वारल्यावर, चार लोकांनी वाचावं म्हणून दिलेलं. पहिल्या कोऱ्या पानावर त्याने लग्नाच्या वेळी दोघांची नावं लिहिली होती. बाई अधूनमधून येऊन ते पान बघून जायच्या. मला हे ठाऊक होतं, आणि तरी गठ्ठा देताना सुचलं नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर बाई आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी तसाच बाइंडरकडे गेलो.

“कादंबऱ्यांत आलं, म्हनून काढलं,” तो म्हणाला. “पानं कवाच चुलीत गेली. तुमीच सांगता ना, जुनी ठेवायची नाय?”

परत येऊन बाईंना सांगितलं तेव्हा माझी मान वर होईना. नव्या पानावर दोघांची नावं चांगल्या अक्षरात लिहून देतो, असंही बोलून गेलो.

“नको भाऊ,” बाई म्हणाल्या. “त्यांचं अक्षर तेवढंच होतं माझ्याकडे.”

पुस्तक चरित्रांत परत गेलं. या वेळी वकीलसाहेबांनीच मंजुरी दिली. येशूबद्दल त्यांचं आणि हेडमास्तरांचं शेवटपर्यंत पटलं नाही. पण ज्याच्या असण्याबद्दल वादच नव्हता, त्या माणसाची खूण आम्ही पुसून बसलो होतो. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर बाइंडरकडे जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान मी स्वतः बघू लागलो. फार वेळ लागत नाही.