रुमाल टाकणाऱ्या साळवे बाई

वर्गात आल्या आल्या साळवे बाई पहिल्या रांगेतल्या रिकाम्या बाकावर आपला रुमाल टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता इथं कोणीतरी बसून दाखवा." कोणी बसायचं नाही.

"का? रुमालानं तुमचा हात धरला?"

"जागा धरलीय ना मॅडम."

"झालं. निम्मी औषधं एवढंच करतात. स्वतः काही काम करत नाहीत, फक्त दुसऱ्याला बसू देत नाहीत."

हे मला ठाऊक असण्याचं कारण असं की मी शेजारच्या वर्गात दुसऱ्या तुकडीला तोच धडा शिकवत असे. पाथर्डीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती. माझ्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेला रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची बसायची जागा, त्यात नेमकं बसणारं औषध, शेजारी एन्झाइम. आकृती अशी की छापायला द्यावी. मुलं ती मुकाट्यानं उतरवून घेत, आणि पलीकडून हसण्याचा आवाज येई. मला साळवे बाईंचा हेवा वाटायचा.

नगरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या बाई. बारीक चणीच्या, चष्मा कायम नाकाच्या टोकावर. औषध कसं काम करतं हे त्या कधी विचारत नसत, "रुमाल कुठं पडला?" असं विचारत. ॲस्पिरिन आलं की म्हणत, "हा रुमाल टाकणारा नव्हे. हा सीटच मोडून जातो. नवी गाडी आल्याशिवाय तिथं कोणी बसत नाही." रक्तातल्या प्लेटलेटचं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद पाडतं आणि नव्या प्लेटलेट तयार होईपर्यंत ते तसंच राहतं, हे मी पाऊण तास सांगत असे. बाईंचं दोन वाक्यांत उरकायचं. एकदा माझ्याच तुकडीतल्या मुलीनं माझ्याच पेपरात 'औषध सीटवर रुमाल टाकते' असं लिहिलं. मी लाल पेनानं काट मारली, ती कागद फाटेपर्यंत.

हे सगळं मी गिळलं असतं. पण बाई माझ्या घरात शिरल्या.

माझे वडील, आबा, तिसगावला राहतात. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके ताब्यात राहावेत म्हणून त्यांना रोज एक गोळी घ्यावी लागते. वर्षभर नेमानं घेतात, पण मोहट्याच्या देवीचे नवरात्राचे उपवास सुरू झाले की बंद. गोळी उपवासाला चालत नाही, असं त्यांचं ठाम मत. एका नवरात्रात निम्म्या माळा झाल्या असतानाच छाती इतकी धडधडू लागली की त्यांना नगरला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी मी आधीच जाऊन बसलो. ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे रिसेप्टरसकट समजावलं. वीस वर्षं हाच विषय शिकवतोय. आबा म्हणाले, "तू तुझ्या पोरास्नी शिकव. मला लई बरं वाटतंय. नऊ दिस न्हाई घेतली तर काय हुतंय?"

त्याच वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाई एका विद्यार्थिनीच्या लग्नाला तिसगावात आल्या होत्या. जाता जाता आमच्याकडे चहाला थांबल्या. आबांची गोष्ट कानावर पडताच त्यांनी विचारलं, "आबा, नवरात्रात मोहट्याच्या गाडीला गर्दी किती असते?"

"पाय ठिवायला जागा न्हाई."

"तुमच्या हृदयावर अशाच सीटा आहेत. अंगातलं घाईचं रसायन त्यावर बसतं आणि हृदयाला म्हणतं, पळ. गोळी त्या सीटांवर रुमाल टाकते. रसायन बिचारं उभंच. वर्षभर एवढी गर्दी उभी बघून शरीराला वाटतं, सीटा कमी पडल्या. मग ते आणखी सीटा बसवतं. आणि तुम्ही घटस्थापनेला सगळे रुमाल एकदम उचलता."

आबा ताठ बसले. "मंग समदी एकदम आत घुसत्यात की!"

"तेच झालं होतं त्या वर्षी."

"पर बाई, उपास?"

"गोळी म्हणजे जेवण आहे का, आबा? रुमाल आहे तो. रुमालानं उपास मोडतो होय?"

दुसऱ्या दिवशी आबांनी घटासमोर बसून गोळी घेतली. "बाईंनी सांगितलंय," असं आल्यागेल्याला सांगत राहिले. मी दिलेल्या पाण्यानं गोळी घेतली, पण माझं नाव कुठंच नाही. पोटच्या पोराचं ऐकायचं नाही आणि चहापुरत्या आलेल्या बाईंचं ऐकायचं, हे मला आजही सहन होत नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला निघाल्या. त्यांना सोडायला मी पाथर्डी स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. न राहवून विचारलं, "बाई, हे रुमालाचं तुम्हाला सुचलं कुठं?"

"एसटीतच." त्यांनी नाकावरचा चष्मा काढून पुसला. "आमच्या मिस्टरांना आबांचीच गोळी होती. बरं वाटतंय म्हणून त्यांनी ती सोडली. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, सर. रिसेप्टर, त्यांची वाढणारी संख्या, अगदी तुमच्या फळ्यावर असतं तसं. ते हो हो म्हणाले. ते वारल्यावर मी पहिल्यांदा एकटी नगरहून येत होते. गर्दी होती. सवयीनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. कंडक्टर म्हणाला, 'बाई, हितं कोन हाय?' मी म्हटलं, आहे. पाथर्डीपर्यंत माणसं उभी होती, पण त्या रुमालाला कोणी हात लावला नाही. तेव्हा कळलं, त्यांना असं सांगायला हवं होतं."

गाडी आली. मी गर्दीतून पुढं घुसलो आणि खिडकीतून माझा रुमाल त्यांच्यासाठी सीटवर टाकला. बाई बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी रुमाल परत द्यायला हात बाहेर काढला. मी तो घेतला नाही.

या नवरात्रात आबा म्हणाले, "बाईंना फोन लाव. त्या सांगत्याल तवा गोळी घेईन." म्हटलं, आज मी सांगतो. रिसेप्टरचं नाव काढलं नाही. फक्त त्या शेजारच्या सीटची गोष्ट सांगितली. आबांनी पहिल्यांदाच मला मध्ये तोडलं नाही. गोष्ट संपल्यावर त्यांनी हात पुढं केला, गोळी घेतली, वर पाणी प्यायले.

मग म्हणाले, "आता लाव फोन. बाईंना सांग, आबांनी गोळी घेतली."

मी फोन लावला.